अर्नाळ्याच्या बेटावर दोन रात्री: आधी तिथी बघा, मग सुट्टी

लाँग वीकेंड दिसला की आपण कॅलेंडरातले लाल आकडे मोजतो. बेटावर तंबू टाकायचा असेल तर त्या लाल आकड्याखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी आधी वाचा. मी ती वाचली नव्हती.

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. मी, बायको, मेहुणा आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा असे चौघं दहिसरहून निघालो आणि दुपारी तीनच्या सुमारास अर्नाळ्याच्या बेटावर उतरलो. पुळणीवर ओल्या वाळूची रेघ स्पष्ट दिसत होती. पाणी इथपर्यंत येतं, असं समजून तिच्यावर सात-आठ पावलं मोजली आणि तंबू ठोकला. रात्री पाठीखाली गार लागलं. आधी वाटलं, दव झिरपलं असेल. मग तंबूचा तळ हळूच वर उचलला गेला, पाण्याच्या गादीवर झोपल्यासारखा. चेन उघडली तर चांदण्यात पाणी थेट दारात चमकत होतं आणि मुलाची एक चप्पल तरंगत निघाली होती. घड्याळात पाऊण वाजला होता. तासभर आम्ही ओल्या चादरी खांद्यावर टाकून वाडीच्या कुंपणाशी उभे. सकाळी तिथल्या एका काकींनी चहा दिला आणि एवढंच विचारलं, "परवाच पुनव झाली, आणि तुम्ही पुळणीवर झोपलात?"

तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: शुद्ध किंवा वद्य, पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. एक भरती दिवसा, दुसरी रात्री, आणि मधे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. या हिशेबात अर्धा तास इकडे-तिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक बघाच. पण बेत आखताना ही पाऊणपट पुरते. त्या रात्री वद्य प्रतिपदा होती. एकाची पाऊणपट म्हणजे पाऊण वाजता. गणित इतकं सोपं होतं, केलं मात्र नव्हतं.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार दोन्ही कमी. आणि आपल्या किनाऱ्यावरची एक गोष्ट शहरातल्या माणसाला सहसा ठाऊक नसते: पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दुपारी येते, हिवाळ्यात मात्र रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा मोठी असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं उधाण पाच मीटरच्या घरात जातं, तर त्याच दिवशीची दुपारची भरती त्याहून बरीच खाली राहते. आम्ही पाहिलेली ओली रेघ दुपारच्या, धाकट्या भरतीची होती.

म्हणून माझं मत सरळ आहे. सुट्टी भांगाच्या दिवसांत पडत असेल तर जा, उधाणात पडत असेल तर नवख्यांनी जाऊ नये. २०२६ ची २६ जानेवारी सोमवारी होती आणि २५ ला रथसप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी भरती, दुपारी साडेअकराच्या आसपास ओहोटी, आणि पाणी मुळात आवरतं. त्या खेपेला आम्ही पुन्हा गेलो आणि दोन्ही रात्री कोरडे झोपलो. उलट २०२६ चा नाताळ बघा: शुक्रवार धरून तीन दिवस सलग सुट्टी, पण पौर्णिमा २४ डिसेंबरच्या सकाळीच संपते, म्हणजे शुक्रवारी वद्य द्वितीया. शुक्रवारी रात्री दीडच्या आसपास उधाण. जायचंच असेल तर पुळणीचा विचारही न करता वाडीत, उंचावर.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून तंबूत सकाळी आठनंतर थांबवत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, तेव्हा बेटाचं नाव काढू नका.

बेट कुठलं

मुंबईकराच्या तोंडी पहिलं नाव घारापुरीचं येतं. तिथे पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत. दिवसभराची सहल करा, फक्त सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवून. मनोरी-गोराईला मार्व्याहून फेरीबोटीनं जाता येतं, तिथे पैसे घेऊन तंबूची सोय करणारे आहेत, आणि पहिल्यांदाच तंबूत झोपणाऱ्या कुटुंबाला ते बरं. पण मागच्या बाजूनं भाईंदर-उत्तनचा रस्ता असल्यामुळे रात्री बाराला मोटारसायकली येतात. बेटाची शांतता तिथे नाही.

अर्नाळ्याचं तसं नाही. वैतरणा समुद्राला मिळते तिथे, किनाऱ्यापासून होडीनं थोड्याच अंतरावर हे बेट आहे. त्यावर किल्ला, त्याला लागून मच्छीमारांचं गाव, शेतीवाडी, नारळ. हे रिकामं बेट नाही. तुम्ही लोकांच्या अंगणात पाहुणे म्हणून जाताय, आणि पुढची सगळी तयारी या एका गोष्टीवरून ठरते.

एक रविवार टेहळणीचा

सुट्टीच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ध्या दिवसासाठी जाऊन या. हे काम फोनवर होत नाही. किल्ला संरक्षित स्मारक आहे, तटाच्या आत तंबू ठोकायचा नाही. पुळणीवर मासे सुकतात, होड्या ओढल्या जातात, जाळी पसरतात. राहिली लोकांची वाडी. गावात फिरा, आधी ग्रामपंचायतीतल्या कुणाला तरी भेटा, कुणाच्या वाडीत जागा मिळेल ते विचारा. बोलणी करताना चार गोष्टी तिथल्या तिथे स्पष्ट करून घ्या: जागेचे पैसे किती, जेवण घरातून मिळेल का, संडास वापरू देतील का, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर होडी कोण काढेल. तिसऱ्या प्रश्नाला नकार आला तर ते घर सोडा. "आम्ही बघू कुठेतरी" हे उत्तर बेटावर चालत नाही, कारण ते "कुठेतरी" म्हणजे कुणाची तरी मासे सुकवायची वाळू असते.

परतताना अर्नाळा सागरी पोलीस ठाण्यात जाऊन तारखा, माणसं आणि ज्यांच्याकडे उतरणार त्यांचं नाव सांगून ठेवा. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले होते, तेव्हापासून किनाऱ्यावरची अनोळखी माणसं गावकऱ्यांच्या आणि पोलिसांच्याही नजरेत असतात. त्यातून प्रजासत्ताक दिनाच्या आसपास गस्त वाढते. प्रत्येकाचं आधार कार्ड जवळ हवं. ड्रोन घरी ठेवा.

सामान

आपण लोकलनं जाणार, म्हणून पहिला नियम गॅसचा. ट्रेकवाल्यांच्या पिशवीत तो छोटा गॅसचा डबा आणि शेगडी असतेच. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ न्यायला बंदी आहे, आणि रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गॅस न्यायचा असेल तर स्वतःची गाडी. नाहीतर ज्यांच्या वाडीत उतरलात त्यांच्याच घरून जेवण सांगा. मी दुसरं करतो. आपण कॅम्पिंगच्या नावाखाली नूडल्स शिजवायच्या आणि दहा पावलांवर चुलीवर ताज्या बोंबलांचं कालवण, यात शहाणपण काही नाही. दुपारचं आणि मधल्या वेळचं मात्र घरून न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, सोबत लसणाची चटणी, गूळपापडीच्या वड्या, उकडलेली अंडी पहिल्या दिवसापुरती. संक्रांतीचे उरलेले लाडूही संपतात.

पाणी हे सगळ्यात जड सामान. प्यायला माणशी दिवसाला तीन लिटर धरा. चौघांचे अडीच दिवसांचे तीस लिटर होतात, वर चहा, चूळ आणि सांडलवंडीला दहा. म्हणजे वीस लिटरचे दोन जार, चाळीस किलो वजन. ते दहिसरहून उचलू नका, अर्नाळ्याच्या बाजारात घ्या. बेटावर विहिरी आहेत, पण ते पाणी गावाचं आहे. सुट्टीच्या दिवशी शंभर पाहुणे बादल्या घेऊन उभे राहिले तर काय होईल, विचार करा. अंघोळ सोमवारी घरी.

तंबू विकत घ्यायची घाई नको, ट्रेकिंगच्या दुकानांतून भाड्यानं मिळतो. पण निघण्याआधी सोसायटीच्या गच्चीवर एकदा पूर्ण उभा करा. आमच्या दुसऱ्या तंबूची एक कांडी तुटलेली होती, ती गच्चीवरच कळली म्हणून बरं. बाकी सामानात डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकी एक, जाड सतरंजी, शिट्टी, पॉवर बँक, रोजची औषधं दुप्पट, आणि पट्ट्याच्या जुन्या चपला. हवाई चप्पल नको, चिखलात ती पायातून निघते आणि खडकांवरची कालवं तळवा कापतात. फोन आणि कागदपत्रं दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एकीत एक.

जाणं

चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. सुट्टीच्या सकाळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसायला मिळतं, हा मुंबईच्या लोकलचा दुर्मीळ दयाळूपणा. मोठी बोचकी असतील तर मालडबा. विरारला पश्चिमेकडे उतरा, तिथून अर्नाळ्याला एसटी आणि शेअर रिक्षा मिळतात. तंबू, जार घेऊन शेअर रिक्षात बसलात तर दोन सीटचे पैसे आपणहून द्या, वाद मिटतो.

होडीत चढताना गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं असं धरूनच चला. पँट वर, फोन छातीच्या खिशात. सामान आधी, मग मुलं, मग मोठी माणसं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या होडीला नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली आणि कितीतरी माणसं बुडाली. तेव्हापासून मी लाइफ जॅकेटबाबत लाजत नाही. होडीत असेल तर मागून घ्या, मुलांसाठी त्यांच्या मापाचं घरून न्या. पल्ला दहा मिनिटांचा असला तरी घाला. होडी भरलेली वाटली तर पुढची घ्या, तांडेल रागावणार नाही. उतरताना परतीच्या शेवटच्या होडीची वेळ विचारून घ्या, तिन्ही दिवसांची.

तंबू

वाडीतही जागा निवडावी लागते. सावली दिसली की माणूस माडाखाली जातो. तिथे कधीही नको. नारळ सोडा, वाळलेली झावळी रात्री सुटून पडली तरी तंबूची कांडी मोडते. ज्या बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगतात त्यांच्यापासूनही लांब राहा, वासासाठी नव्हे तर रात्री दोरीत पाय अडकून कुणाचा आठवड्याचा माल खाली येऊ नये म्हणून. कुठल्याही झाडापासून झाडाच्या उंचीइतकं अंतर, खाली वाळलेलं गवत नाही, आणि भरतीच्या खुणेपेक्षा निदान माणसाच्या उंचीइतकी जागा वर. खूण कशी ओळखायची? ओल्या रेघेवर विसंबू नका. वर कुठेतरी वाळलेलं शेवाळ, काटक्या, थर्माकोल आणि बाटल्यांची एक ओळ सापडेल. ती गेल्या उधाणानं ठेवलेली खूण. तिच्या खाली झोपायचं नाही.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामी येतात. दुपारपासून वारा समुद्राकडून, मध्यरात्रीनंतर जमिनीकडून, गार. दुपारचा वारा जोराचा, म्हणून तंबूची पाठ समुद्राकडे करा, दार आडोशाला.

रेताड जमिनीत तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या लोण्यात सुरी घालावी तशा जातात आणि तशाच बाहेर येतात. त्या पिशवीतच राहू द्या. भाजीच्या कापडी पिशव्या आठ न्या. प्रत्येकीत ओंजळीनं वाळू भरायची, तोंड बांधायचं, तंबूची दोरी पिशवीच्या कमरेला गुंडाळून पक्की गाठ मारायची. मग कोपरापर्यंत हात जाईल इतका खड्डा खणून पिशवी आडवी पुरायची, दोरी तिरकी वर काढायची आणि वरची वाळू पायानं दाबून घ्यायची. दोरी ओढून बघा, तंबू वाकेल पण पिशवी हलणार नाही. आठ खड्ड्यांना अर्धा तास लागतो. मुलांना द्या हे काम, त्यांना सांगावं लागत नाही.

वरचं आवरण आतल्या कापडाला कुठेही टेकू देऊ नका. जानेवारीत दव इतकं पडतं की पहाटे आवरणावरून थेंब ओघळतात, आणि जिथे टेकलं तिथून आत ठिबकतं. दार पूर्ण बंद केलं तर चौघांच्या श्वासानंही आतून पाणी सुटतं, वरची जाळी उघडी ठेवा. चपला आत घ्या. गावची कुत्री प्रेमळ आहेत, पण चप्पल चावायला नेतात.

शेकोटी नाही. वाळूत पुरलेले निखारे सकाळपर्यंत धगधगत राहतात, आणि त्या वाळूवरून पहाटे अनवाणी चालणारी माणसं तुमची नसतात. मोठ्यानं गाणी नाहीत, दारू तर नाहीच. ज्यांच्या वाडीत आहात ते पहाटे तीनला समुद्रावर जातात.

मधला दिवस

किल्ला सकाळी, ऊन चढायच्या आत. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला, वसई त्यानंतर दोन वर्षांनी पडली. दरवाजावर हत्तींची शिल्पं आणि बाजीरावाचं नाव असलेला देवनागरी शिलालेख आहे, तो वाचायला दहा मिनिटं थांबा. आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी टाकं आणि मंदिरं. तटावरून पूर्ण फेरी मारता येते. कठडा सलग नाही, मुलांचा हात सोडू नका. किल्ल्यापासून सुटा, एकटाच उभा असलेला गोल बुरूज मुलांना किल्ल्यापेक्षा जास्त आवडतो.

पाण्यात घोट्यापलीकडे जाऊ नका, आणि ओहोटी लागलेली असताना तर मुळीच नको. नदीचं मुख आहे, वाळूचे पट्टे सरकतात, काल उथळ होतं तिथे आज खड्डा असतो, आणि उतरतं पाणी माणसाला बाहेर ओढतं. पोहता येणारेच यात जास्त फसतात. उथळ पाण्यातही पाय उचलून टाकू नका, घसटत चाला, म्हणजे वाळूत दबून बसलेला पाकट मासा सरकून जातो. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरा आणि पहिली होडी पकडून डॉक्टर गाठा. जाळ्यातून फेकलेला साप मेलेला वाटला तरी हात लावायचा नाही. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा. दमा, हृदयविकार असलेल्यांना किंवा गरोदर बाईला रात्रीच्या मुक्कामाला नेऊ नका. रात्री बेटावरून निघणं त्या घरच्या होडीवाल्याच्या आणि भरतीच्या हातात असतं.

सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. त्यानंतर विजेऱ्या बंद करून बाहेर बसा. विरारच्या दिव्यांचा उजेड पूर्वेला दिसत राहतो, पण पश्चिमेला पूर्ण अंधार.

निघताना

वाळूच्या पिशव्या उकरून रिकाम्या करा, खड्डे बुजवा. कचरा बेटावर टाकायला जागा नाही, रिकाम्या जारांसकट सगळा परत न्यायचा. पैसे ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या आणि ते त्या घरच्या काकींच्या हातात द्या. शेवटच्या होडीची वाट पाहू नका. सोमवारी संध्याकाळी सगळी गर्दी तिच्यावरच येते. दुपारची होडी धरलीत तर विरारहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळते.

तंबू त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. "उद्या बघू" म्हटलं की मीठ चेनच्या दातांत बसतं आणि पुढच्या खेपेला ती अर्ध्यावर अडकते. सुकल्यावर चेनवरून मेणबत्ती दोनदा घासा. आणि तो गच्चीवर वाळत घालण्याआधी खालच्या मजल्यावरच्यांना सांगा, वाळू त्यांच्या पापडांवर पडते.